गोळी कुटण्यापूर्वी

वस्तीत आरोग्य शिबिर घेतले की आम्हाला हा प्रश्न हमखास ऐकू येतो : "सिस्टर, गोळी गिळवत नाही. कुटून दिली तर चालेल ना?" याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. म्हणून कुटल्याने औषधाचे नेमके काय होते, ते आधी पाहू.

खडीसाखरेचा खडा पाण्यात सावकाश विरघळतो. तोच कुटून टाकला तर चटकन विरघळतो, कारण पाण्याला भिडणारा पृष्ठभाग वाढतो. पेलाभर पाण्यात एकूण साखर मात्र तेवढीच मावते. म्हणजे बारीक केल्याने विरघळण्याचा वेग वाढतो, मर्यादा वाढत नाही.

गजकर्णावरचे ग्रिसिओफुल्विन पाण्यात फारच कमी विरघळते. त्याचे जाडसर कण बरेचसे तसेच शरीराबाहेर जात. कारखान्यात ते अतिशय बारीक दळल्यावर पूर्वी १ ग्रॅमने होणारे काम ५०० मिलिग्रॅममध्ये होऊ लागले.

दुसरी गोष्ट रचनेची. स्फटिकात औषधाचे रेणू भिंतीतल्या विटांसारखे ओळीने रचलेले असतात. यंत्रात जोराने, बराच वेळ दळले की ही रचना विस्कटते. जत्रेतले 'म्हातारीचे केस' आठवा. तीही साखरच, पण रचना नसलेली. जिभेवर ठेवताच विरते, आणि दमट हवेत लगेच चिकट होऊन बसते. रचना विस्कटलेले औषधही असेच जास्त विरघळते, पण ओल आणि उष्णता लागली की पुन्हा स्फटिक बनू लागते. काही औषधे दळताना एका प्रकारच्या स्फटिकातून दुसऱ्या प्रकारात जातात. म्हणूनच दळताना किती वेळ, किती उष्णता, किती ओल, यावर कारखान्यात लक्ष ठेवावे लागते.

रचना बदलली तर काय होते, हे रिटोनाविरने दाखवले. एचआयव्हीवरचे हे औषध १९९६ साली बाजारात आले. १९९८ साली त्याचा नवाच, कमी विरघळणारा स्फटिक आढळला आणि कॅप्सूल मागे घ्याव्या लागल्या. ते दळल्यामुळे झाले नव्हते. पण रेणू तोच असूनही रचना बदलताच औषध निकामी ठरू शकते, हा धडा त्यातून मिळाला.

घरच्या खलबत्त्यात एवढे दळले जात नाही. तिथला धोका वेगळा आहे. एका आजींनी रक्तदाबाची हळूहळू विरघळणारी गोळी कुटून घेतली. दिवसभराचे औषध एकदम अंगात गेले आणि त्या चक्कर येऊन पडल्या. कुणी त्यांना आधी सांगितलेच नव्हते.

म्हणून एवढे लक्षात ठेवा :

• पाकिटावर एसआर, एक्सआर, ईआर, सीआर किंवा रिटार्ड असेल तर गोळी कुटू नका, चावू नका.

• आम्लापासून वाचवणारे आवरण असलेली गोळीही फोडू नका. पॅन्टोप्राझोल पोटातल्या आम्लात नष्ट होते.

• कुटायला परवानगी असेल, तर एका वेळेपुरतेच कुटा आणि लगेच द्या. पूड पुडीत बांधून ठेवू नका. भांड्याला चिकटलेली पूड थोड्या पाण्याने धुऊन तेही पाजा.

• गिळता येत नसेल तर गोळी बंद करू नका. पातळ औषध किंवा पाण्यात विरघळणारी गोळी मिळेल का, हे डॉक्टरांना किंवा औषध दुकानातल्या फार्मासिस्टला विचारा. विचारायला संकोच कसला? तो आपला हक्कच आहे.