मगरिबच्या आधीचा अर्धा तास

गोंड राजांनी चंद्रपूरचा परकोट बांधला तो शत्रू आत येऊ नये म्हणून. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा हे त्याचे चार दरवाजे. त्यांतले जटपुरा गेट आजही आपले काम चोख बजावते. फक्त शत्रूऐवजी आपल्यालाच अडवते. कमान जुन्या मापाची, गाड्या आजच्या. ऑटो, स्कूटी, सायकली, हातगाड्या आणि त्यांच्या मधोमध एखादी कार, काचेवर लाल अक्षरातला ‘एल’. स्टिअरिंग घट्ट धरून बसलेला तो शिकाऊ चालक दिसला की एरवी हसू येते. रमजानच्या महिन्यात संध्याकाळी पावणेसहाला तो तिथे दिसला, तर मात्र काळजी वाटते.

सध्या मगरिबची अजान सव्वासहाच्या पुढेमागे होते. तिच्या आधीचा अर्धा तास शहरातला सगळ्यात अवघड. कार्यालये सुटतात, शिकवणीची मुले सायकलवरून निघतात, फळांच्या गाड्यांभोवती गर्दी होते आणि या सगळ्यात रोजेदाराला इफ्तारला घरी पोचायचे असते. सहरी पहाटे पाचच्या आसपास आटोपते. त्यानंतर त्याच्या घशाखाली पाण्याचा घोटही गेलेला नसतो. रात्री तरावीहची नमाज आणि पहाटे पुन्हा उठणे, म्हणजे झोपही तुकड्यातुकड्यांची.

रोजा ठेवणारा वाईट गाडी चालवतो, असे मला म्हणायचे नाही. वीस वर्षे गाडी चालवणाऱ्याचे हातपाय सवयीनेच चालतात. शिकणाऱ्याला क्लच, गिअर, आरसा, ब्रेक, सारे विचार करून करावे लागते आणि विचाराला लागणारी तरतरी त्या वेळी नेमकी कमी असते. हिशेब सोपा आहे. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. समोर मूल धावत आलेले दिसणे आणि पाय ब्रेकवर पडणे यांत एक सेकंद गेला, तर ब्रेक लागायच्या आधीच ११ मीटर संपले. थकव्याने अर्धा सेकंद आणखी गेला, तर जवळजवळ १७. गांधी चौकाच्या रस्त्यावर संध्याकाळी १७ मीटरमध्ये किती माणसे असतात, ते एकदा मोजून पाहावे.

म्हणून या महिन्यात शिकायचेच असेल तर सकाळी आठ-नऊची वेळ धरा आणि शक्यतो रविवार. फजरच्या नमाजेनंतर रस्ता मोकळा मिळतो म्हणून काही जण अंधारातच गाडी काढतात. शहरात एकवेळ चालेल. पण मूल रोड किंवा मोहर्लीचा रस्ता धरलात तर तो जंगलाचा रस्ता आहे. चितळ, रानडुक्कर, कधी वाघही आडवा जातो. शिवाय मोहफुलांचे दिवस आहेत. फुले वेचायला बायामाणसे पहाटेच टोपल्या घेऊन निघतात आणि हेडलाइटच्या उजेडात ती उशिरा दिसतात.

संध्याकाळी बाहेर असालच तर डॅशबोर्डच्या खणात चार खजूर आणि पाण्याची बाटली ठेवा. सूर्य मावळल्यावर रोजा सोडायला उशीर करू नये, अशी पैगंबरांची शिकवण आहे. पण तो घरीच सोडावा, असे कुठेही सांगितलेले नाही. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, खजूर तोंडात टाका. प्रवासात असलेल्याला तर कुरआनने रोजा पुढे ढकलून नंतर पूर्ण करण्याची सवलतच दिली आहे. धर्म एवढा घाईत नाही. घाई आपली असते.

माझी भाची या महिन्यात कार शिकते आहे. रोजा ठेवते आणि सकाळी गाडीही चालवते. तिला चढाची किंवा वळणाची भीती नाही, मागच्या हॉर्नची आहे. ‘‘मामू, इंजिन बंद पडलं की मागून असे हॉर्न सुरू होतात की चालू कसं करायचं तेच विसरायला होतं.’’ तिला मी एवढेच सांगितले: ब्रेक दाबून धर, चारही इंडिकेटर लाव, गिअर न्यूट्रलला आण, एक श्वास घे, मग क्लच दाबून चावी फिरव. मागच्याचे दहा सेकंद गेले तर जाऊ देत.

मागच्यांसाठीही थोडे सांगायचे आहे. कुरआनच्या एकतिसाव्या सूरहमध्ये हजरत लुकमान आपल्या मुलाला उपदेश करतात. त्यात चालताना मध्यम चाल ठेवावी आणि आवाज खाली ठेवावा, असे सांगताना सगळ्यात कर्कश आवाज गाढवाचा, असा दाखला येतो. तेव्हा प्रेशर हॉर्न नव्हते.

एक हदीसही या विषयाला नेमकी लागू पडते. लोक रस्त्यावर बसत, तेव्हा पैगंबरांनी त्यांना मनाई केली. बसल्याशिवाय आमचे भागत नाही, असे लोक म्हणाले. मग रस्त्याचा हक्क त्याला द्या, असे त्यांनी सांगितले. त्या हक्कांमध्ये नजर खाली ठेवणे, सलामाला उत्तर देणे, चांगले सांगणे, वाईट रोखणे आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला त्रास न देणेही आहे. हे वाचताना मला तरावीहच्या वेळी आपल्याच मशिदींसमोर दुहेरी रांगेत उभ्या असलेल्या मोटारसायकली आठवतात. आत नमाज चालू आणि बाहेर अँब्युलन्सला वाट नाही. चैत्रात महाकालीच्या यात्रेला मराठवाडा-तेलंगणातून भाविक येतात, तेव्हा आणि गणपती विसर्जनालाही अंचलेश्वर गेटच्या बाजूला हेच होते. रस्त्याचा हक्क मारण्यात आपण सगळे एकजुटीने आहोत.

शिकण्याचा कायदा तसा सोपा आहे आणि लोक समजतात त्याहून कडक. लर्निंग लायसन्स ६ महिने चालते. पक्क्या लायसन्सची चाचणी ३० दिवसांनंतरच देता येते. पहिल्या रोजाला लर्निंग काढले, तर चाचणी ईदनंतरच. या काळात पक्के लायसन्स असलेली व्यक्ती शेजारी बसलेली हवी, तीही गाडी थांबवता येईल अशा जागी. मागच्या सीटवर मोबाइल पाहणारा भाऊ चालत नाही. शिकाऊ दुचाकीस्वाराला तर शिकवणाऱ्याखेरीज कोणालाही मागे बसवता येत नाही. ड्रायव्हिंग स्कूलने कार शिकवताना किमान २१ दिवसांच्या मुदतीत १० तास प्रत्यक्ष गाडी चालवून घ्यावी, असा नियम आहे. पैसे भरताना हे तास विचारा. मैदानावरच्या फेऱ्यांनी १० तास भरले, तर जटपुरा गेट शिकवायचे राहिलेच.

आमच्या जिल्ह्यांत आणखी एक धडा शिकवावा लागतो: ट्रक. पडोली-घुग्घूसकडे कोळशाचे आणि गडचिरोलीत आष्टी-आलापल्लीच्या रस्त्यावर सुरजागडच्या लोहखनिजाचे. गडचिरोलीच्या इंदिरा गांधी चौकात शिकलेला मुलगा चार बाजूंची वाहने सांभाळायला शिकतो. पण ट्रकच्या डाव्या अंगाला घुसू नये, हे त्याला कोणी सांगत नाही. ट्रक डावीकडे वळला की त्याची मागची चाके पुढच्या चाकांपेक्षा आत येतात. ट्रकच्या आरशात चालकाचा चेहरा तुम्हाला दिसत नसेल, तर तुम्हीही त्याला दिसत नाही, हे पक्के धरावे.

२०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली, महाराष्ट्रातली १५,२२४. देशातल्या मृतांत १०० पैकी ४४ हून अधिक दुचाकीवरचे. त्यामुळे ईद जवळ आली की मला एका वेगळ्याच ईदीची धास्ती वाटते: दहावी-अकरावीतल्या पोराला दिलेली गाडीची चावी. चांदरातीला तिघे-तिघे बसून, सायलेन्सर काढून फिरणारी ही पोरे आपल्याच घरांतली असतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. सोळा वर्षे पूर्ण झालेल्याला कायद्याने चालते ती फक्त ५० सीसीपर्यंतची बिनगिअरची दुचाकी, तीही पालकांच्या लेखी संमतीने आणि लायसन्स काढूनच. बाजारातल्या नेहमीच्या स्कूटी १०० सीसीच्या वर असतात. शोरूममध्ये रंग निवडण्याआधी हा आकडा विचारून घ्यावा.