भिंती उभ्या राहण्यापूर्वी

ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौसर हे मराठीभाषक तालुके छिंदवाड्यातून वेगळे होऊन त्यांचा स्वतंत्र जिल्हा झाला. जिल्हा झाला म्हणजे जिल्हाधिकारी कचेरी आली, तिच्यामागून बँकांच्या शाखा, दुकानांची संकुले, निवासगृहे ओघानेच आली. या इमारती पुढील पन्नास वर्षे किती वीज खातील, हे पुष्कळसे नकाशाच्या मेजावरच ठरून जाते.

ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा, आणि त्याखालील व्यापारी इमारतींची संहिता २००७ ची. परंतु तिचा अंमल १०० किलोवॉट जोडभार किंवा १२० केव्हीए करारमागणीपासून पुढे. पांढुर्ण्याच्या बाजारातील दुमजली संकुल किंवा सौसरमधील एखादी पतपेढी या मर्यादेच्या बहुधा खालीच राहील. ज्या इमारती संख्येने सर्वाधिक होणार, त्यांना विचारणारा कोणी नाही! ही मर्यादा आणखी खाली आणण्याचा अधिकार २०२२ च्या दुरुस्तीने राज्यांना दिला आहे. भोपाळने तो वापरावा.

आम्ही किनाऱ्यावरील मंडळी हे का सांगतो? मुंबई-पणजीकडे काचेच्या दर्शनी भिंतींची जी हौस बोकाळली आहे, तिची नक्कल लहान गावे फार लवकर करतात. आमच्या दमट हवेत वारा खेळता ठेवला की निम्मे काम भागते. सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याशी मात्र वैशाखातला तप्त वारा बाहेर अडवावा लागतो आणि आषाढात तोच आत घ्यावा लागतो. तेथे पश्चिमेला काच लावणे म्हणजे भट्टी पेटवून शेजारी वातानुकूलन यंत्र बसविणे होय. जाड भिंत, रुंद ओसरी, खिडकीवर छज्जा, गच्चीवर पांढऱ्या चुन्याचा थर हे सारे तेथील गवंड्यांना नवे नाही. नवी आहे ती त्याची लाज.

इमारत उभी राहिल्यावरही प्रश्न उरतोच. वातानुकूलनाचे तापमान एका अंशाने वाढविल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे केंद्राचे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगते. पण सरकारी कचेरीत यंत्राची कळ एकाच्या हाती आणि देयक दुसऱ्याच्या टेबलावर, असा प्रकार असतो. प्रत्येक कचेरीत मासिक देयक वाचून जाब विचारणारा एक अधिकारी नेमावा, आणि नगरपालिकेने बांधकामपरवाना देताना गच्चीचा व पश्चिमेच्या भिंतीचा तपशील मागावा. यासाठी नव्या कायद्याची वाट पाहावी लागणार नाही.