पडद्याखाली राहिलेलं बटण

प्रवेश अर्जाची एक साधी खिडकी घ्या. नाव, पत्ता, जन्मतारीख, आधीच्या परीक्षांचे गुण, बँकेचा तपशील असे 30 रकाने एकाखाली एक. प्रत्येकाला 32 पिक्सेल उंची धरली तरी 960 पिक्सेल झाले. कार्यालयांत सर्रास दिसणाऱ्या लॅपटॉपचा पडदा असतो 1366 बाय 768 चा. टास्कबार आणि खिडकीची शीर्षकपट्टी वजा केली की हाती उरतात जेमतेम 700. म्हणजे शेवटचे आठेक रकाने आणि त्यांच्याखालचं ‘जतन करा’ हे बटण पडद्याबाहेर. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या मोठ्या मॉनिटरवर सगळं नीट दिसलेलं असतं. ज्या कारकुनासाठी तो लिहिला, त्याला मात्र बटण आहे हेच कळत नाही.

यावरचा उपाय जुना आहे: सगळे रकाने स्क्रोल होणाऱ्या कंटेनरमध्ये ठेवायचे. तो बहुतेक टूलकिटमध्ये, म्हणजे खिडक्या-बटणांच्या तयार संचांमध्ये, आयता मिळतो. जीटीकेत त्याला स्क्रोल्ड विंडो म्हणतात, क्यूटीत स्क्रोल एरिया, जावाच्या स्विंगमध्ये जेस्क्रोलपेन, अँड्रॉइडवर स्क्रोलव्ह्यू. तरीही नवशिक्यांचा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. स्क्रोलबार दिसतो पण हलत नाही, किंवा दिसतच नाही, किंवा हलतो पण आतलं काहीच सरकत नाही. या बहुतेक दुखण्यांचं मूळ एकच असतं, असं माझं ठाम मत आहे: आत ठेवलेल्या मजकुराची खरी उंची कंटेनरला कोणी सांगितलेलीच नसते.

पुठ्ठ्याला चौकोनी भोक पाडून तो वर्तमानपत्राच्या पानावर धरा. भोक जागच्या जागी राहतं, खालचं पान सरकतं. त्या भोकाला व्ह्यूपोर्ट म्हणतात. पान पूर्ण मापाचंच असतं, फक्त त्याचा एक तुकडा नजरेला पडतो. स्क्रोलबार म्हणजे पानही नव्हे आणि भोकही नव्हे. पान किती सरकलंय ते तो दाखवतो आणि आणखी किती सरकवायचं ते विचारून घेतो. त्यासाठी त्याला तीन आकडे लागतात: पानाची पूर्ण उंची, भोकाची उंची आणि वरून किती सरकलं ते अंतर. जीटीकेने हे आकडे सांभाळायला ॲडजस्टमेंट नावाची वेगळी वस्तूच ठेवली आहे. बार आणि व्ह्यूपोर्ट दोघंही तिच्याकडे पाहतात, एकमेकांकडे नाही. मला ही रचना फार आवडते, कारण हिशेब एकाच ठिकाणी राहतो.

आपल्या अर्जाला 640 पिक्सेलचं भोक दिलं, तर 960 पैकी दोन तृतीयांश भाग एका वेळी दिसतो. म्हणून बारमधला ठोकळाही बारच्या दोन तृतीयांश लांब हवा. ठोकळ्याच्या लांबीवरून खाली किती उरलंय हे न वाचता समजतं. 1984 च्या मॅकिंटॉशवर हा ठोकळा एकाच मापाचा चौकोन होता. मजकूर दोन पानांचा असो वा दोनशे, तो तेवढाच. मॅकवर प्रमाणशीर ठोकळा आला तो 1998 च्या मॅक ओएस 8.5 मध्ये.

आता पायथॉन शिकणाऱ्या मुलांच्या हाती पहिल्यांदा पडणारं टीकिंटर घेऊ. त्याच्या मुळाशी असलेलं टीके हे टूलकिट जॉन औस्टरहाउट यांनी बर्कलीच्या विद्यापीठात बनवलं. त्यात टेक्स्ट, लिस्टबॉक्स आणि कॅनव्हास यांना स्क्रोल होता येतं. फ्रेमला येत नाही, आणि अर्जाचे रकाने तर आपण फ्रेममध्येच मांडतो. मग आडवाटेने जावं लागतं. आधी एक कॅनव्हास. कॅनव्हासच्या पोटात एक फ्रेम, ती पॅक किंवा ग्रिडने न मांडता ‘क्रिएट विंडो’ने चिकटवायची. सगळे रकाने या आतल्या फ्रेमची मुलं. घाईत पालक म्हणून कॅनव्हासचं नाव दिलं, तर रकाने कॅनव्हासवर ठाण मांडून बसतात आणि बार कितीही ओढला तरी हलत नाहीत.

पुढे बार आणि कॅनव्हास यांची दुतर्फा गाठ घालायची. बार ओढला की त्याने कॅनव्हासच्या ‘वायव्ह्यू’ला हाक मारायची. कॅनव्हास सरकला की त्याने बारच्या ‘सेट’ला दोन अपूर्णांक कळवायचे. आपल्या अर्जात अगदी वर असताना 0 आणि 0.67, तळाशी पोचल्यावर 0.33 आणि 1. एकच बाजू जोडली तर बार ओढल्यावर मजकूर हलतो पण ठोकळा जागचा हलत नाही, किंवा याच्या बरोबर उलट.

एवढं करूनही बऱ्याचदा काही होत नाही, कारण ‘स्क्रोल रीजन’ ठरवायचं राहिलेलं असतं किंवा ते फार लवकर ठरवलेलं असतं. खिडकी पडद्यावर मांडली जाण्याआधी फ्रेमला तिची उंची विचारली, तर ती 1 पिक्सेल सांगते. एका पिक्सेलच्या मजकुराला स्क्रोल कशाला हवं? म्हणून हे माप फ्रेमच्या ‘कॉन्फिगर’ घटनेला बांधायचं असतं. फ्रेमचा आकार बदलला की दर वेळी नवं माप आपोआप कळतं. पुढे बटण दाबून आणखी रकाने वाढवले तरी काळजी राहत नाही.

हेच दुखणं इतरत्र वेगळ्या रूपात भेटतं. स्विंगमध्ये लेआउट मॅनेजर काढून टाकून रकाने हाताने मांडले, तर पॅनेलला आपली पसंतीची उंची नीट सांगता येत नाही आणि बार उगवतच नाही. क्यूटीत आतल्या विजेटने (पडद्यावरच्या घटकाने) जागेनुसार मोठं व्हायचं की नाही याचं एक कळबटण आहे, ते मुळात बंद असतं. फ्लटरमध्ये कॉलमच्या आत लिस्टव्ह्यू ठेवला की उंचीला मर्यादाच नसल्याची तक्रार येते. कॉलम म्हणतो हवी तेवढी जागा घे, यादी म्हणते मिळेल तेवढी घेते, आणि हिशेब लागत नाही. यादी एक्स्पांडेडमध्ये गुंडाळली की भांडण मिटतं.

उंची सांगून भागतं ते ओळी शेकड्यांत असतील तोवरच. एक्स विंडो प्रणालीत खिडकीचे निर्देशांक 16 बिटांचे, म्हणजे मर्यादा 32,767 पिक्सेलची. 32 पिक्सेलच्या ओळी धरल्या तर हजाराच्या थोडं पुढे गेलं की टीकेची फ्रेम बिघडते. त्याच्या आधीच हजारो विजेट उभे करण्यात वेळ आणि मेमरी गेलेली असते. अशा ठिकाणी जेवढ्या ओळी दिसतात तेवढ्याच बांधायच्या आणि वर सरकून गेलेली ओळ खाली नव्या मजकुरासह परत वापरायची. अँड्रॉइडचा 2014 चा रिसायकलरव्ह्यू हेच करतो. गावाच्या मतदार यादीसारख्या गोष्टीला साधा स्क्रोल कंटेनर वापरू नये.

सगळ्यात घातक चूक मात्र माऊसच्या चाकाशी होते. मायक्रोसॉफ्टने 1996 मध्ये चाकाचा इंटेलिमाऊस आणला आणि बारला हात लावायची गरजच संपली. विंडोजवर चाकाचा एक खटका 120 या आकड्याने कळतो. त्याहून बारीक फिरणाऱ्या चाकांना वाव राहावा म्हणून आकडा मोठा ठेवला आहे. आता अर्जाच्या मधोमध ‘प्रवर्ग’ किंवा ‘शाखा’ निवडायचा कॉम्बोबॉक्स आहे असं समजा. वापरणारा चाक फिरवत खाली येतो, फिरता फिरता बाण नेमका त्या बॉक्सवर येतो, आणि क्यूटीसारख्या टूलकिटमध्ये चाकाचा खटका कंटेनरऐवजी बॉक्सच गिळतो. पान थांबतं आणि निवड बदलते. कोणी क्लिक केलेलं नाही, कसलाही इशारा नाही, आणि ‘विज्ञान’चं ‘वाणिज्य’ झालेलं असतं. स्पिनबॉक्समध्ये गुणांचंही असंच होतं. माहितीच्या नोंदी अशा गुपचूप बिघडणं मला पडद्याबाहेरच्या बटणाहून गंभीर वाटतं, कारण बटण निदान कोणीतरी शोधायला लागतं. उपाय चार ओळींचा आहे: बॉक्सवर फोकस नसेल तर चाकाची घटना नाकारायची, ती मग वरच्या कंटेनरकडे जाते.

2011 च्या मॅक ओएस एक्स लायनपासून ट्रॅकपॅड वापरताना बार लपवून ठेवायची पद्धत रूढ झाली, बोट हलवल्यावरच तो दिसतो. पडदा स्वच्छ दिसतो हे खरं. पण अर्ज भरणाऱ्या माणसाला खाली आणखी काही आहे, हे सांगणारी एकमेव खूण त्यात जाते. फोटोंच्या दालनात चालेल, अर्जात बार कायम दिसता ठेवावा.

मराठी अर्जाला तर हे सगळं जास्तच लागू पडतं. वेलांटी, मात्रा, रफार वर आणि उकार खाली, त्यामुळे देवनागरीच्या ओळीला रोमन ओळीपेक्षा उंच जागा लागते. इंग्रजी लेबलं बसवून ठरवलेली पक्की उंची मराठी लेबलांवर तशीच ठेवली, की उकार कापले जातात किंवा खालचे रकाने सरकून बाहेर जातात. त्यात ज्येष्ठ नागरिकाने अक्षरं मोठी केली तर उंची आणखी वाढते. वेबवर सर्वांना वापरता यावं यासाठीच्या डब्ल्यूसीएजी नियमांत अक्षरं 200 टक्क्यांपर्यंत, म्हणजे दुप्पट, मोठी केली तरी मजकूर आणि कामकाज हरवता कामा नये, असं स्पष्ट म्हटलं आहे. डेस्कटॉपच्या अर्जालाही तीच कसोटी लावावी.

ज्यांना माऊस वापरता येत नाही ते टॅबच्या कळीने रकान्या-रकान्यातून जातात. फोकस भोकाच्या खालच्या रकान्यावर गेला, तर कंटेनरने स्वतःहून सरकून तो समोर आणायला हवा. क्यूटीचा स्क्रोल एरिया हे आपणहून करतो. टीकिंटरमध्ये ते हाताने लिहावं लागतं: प्रत्येक रकान्याच्या ‘फोकस इन’ घटनेवर त्याची जागा मोजायची, ती दिसणाऱ्या भागाबाहेर असेल तर ‘वायव्ह्यू मूव्हटू’ला योग्य अपूर्णांक द्यायचा. नंतर माऊस बाजूला ठेवून, अक्षरं दुप्पट करून, फक्त टॅब दाबत ‘जतन करा’पर्यंत जाऊन पाहायचं.