विहिरीत पाणी, टाकी कोरडी

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन तालुक्यात दिवेआगरजवळ किनाऱ्यावर चढले. नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या, पत्रे उडाले, विजेचे खांब हजारोंनी मोडले. रायगडमधल्या आणि दापोली-मंडणगडकडच्या कित्येक गावांत वीज परतायला आठवडे लागले.

माझ्या एका आप्तांचे घर त्या पट्ट्यात आहे. त्यांच्याकडे इन्व्हर्टर होता. पहिल्या रात्री पंखा फिरला, दिवे लागले. सकाळी बॅटरीने मान टाकली. ती भरायलाही वीजच हवी! अंधाराचे कुणाला फारसे वाटले नाही, कोकणाला त्याची सवय आहे. हाल झाले ते पाण्याचे. परसातल्या विहिरीला पाणी होते, पण न्हाणीघरावरची टाकी कोरडी. पंप बसवला त्याच वर्षी रहाट काढून टाकलेला. अर्ध्या अश्वशक्तीचा पंपसुद्धा सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट वीज ओढतो. घरगुती इन्व्हर्टरचे ते काम नव्हे. चार दिवसांनी दोर आणि कप्पी मिळाली तेव्हा घर जागेवर आले. आज त्यांच्याकडे पंपही आहे आणि रहाटही.

बँकेत आयुष्य गेल्यामुळे मला हा सारा मामला खातेवहीसारखा दिसतो. बॅटरी म्हणजे शिल्लक. घरोघरी असते ती साधारण १२ व्होल्टची, १५० अँपिअर-तासांची. गुणाकार केला की १८०० वॅट-तास होतात. पण ही बॅटरी तळापर्यंत उपसायची नसते, शिवाय इन्व्हर्टर आपली दलाली कापून घेतो. हाती हजारेक धरावेत. जुना ७५ वॅटचा पंखा आणि ९ वॅटचे तीन दिवे लावले तर दहा तास. पंखा बंद ठेवून नुसते दिवे लावले तर दीड दिवस. ३०० वॅटचे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लावले, तर तीन-साडेतीन तासांत खाते रिकामे. ज्या घरात असा रुग्ण आहे, त्यांनी भरलेला सिलिंडर कुठून येणार आणि रात्री गाडी कोण काढणार, हे वादळाआधी ठरवलेले बरे.

शिल्लक टिकायची तर भरणा हवा, आणि तो सूर्याकडून होतो. इथे मात्र एक मोठा गैरसमज आहे. हल्ली गावोगाव छपरांवर सौर पॅनेल दिसतात. बिल शून्यावर आल्याचे लोक कौतुकाने सांगतात. पण बॅटरीशिवाय थेट वीजवाहिनीला जोडलेली साधी यंत्रणा वीज जाताच आपणहून बंद पडते, अगदी भर दुपारीसुद्धा. तो दोष नव्हे. छपरावरची वीज उलटी तारेत शिरली, तर खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर असेल तरच त्या दिवशी आपल्या घरात उजेड पडतो. विक्रेता हे आपणहून सांगतोच असे नाही, विचारून घ्यावे.

जनरेटरविषयी माझे मत फारसे चांगले नाही. आवाजाचे सोडा. पेट्रोल ज्या रस्त्याने यायचे तोच झाडे पडून बंद असतो, आणि पेट्रोलपंपावरचे यंत्रही विजेवरच चालते. त्यात तो भिजू नये म्हणून कुणी पडवीत नाहीतर बंद खोलीत लावतो. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपलेली माणसे उठत नाहीत. लावायचाच तर घराबाहेर, दारा-खिडक्यांपासून वीसेक फुटांवर.

मला विचाराल तर दोन दिवे आणि मोबाइल एवढ्यापुरते, हाताने उचलता येईल असे लहान पॅनेल आणि लहान बॅटरी घरात असावी. हिशेब मात्र मे महिन्यातल्या उन्हावर करू नये. जूनच्या आभाळाखाली तेच पॅनेल पाव हिश्श्यावर येते. वादळाची सूचना आली की ते उतरवून घरात घ्यावे. मोबाइल भरलेला असला म्हणजे बोलता येईलच असे नाही, कारण टॉवरच्या बॅटऱ्याही काही तासांच्याच. म्हणून सेलवर चालणारा लहानसा रेडिओ. त्याच्यातले आणि टॉर्चमधले सेल एरवी काढून बाजूला ठेवावेत; वर्षभर आत राहिले की ते गळतात, आणि नेमकी त्या रात्री टॉर्च लागत नाही.