पर्जन्यमापकाचें टिपण कोण वाचणार ?

अकोले तालुक्यांतील घाटमाथा सोडल्यास अहिल्यानगर (पूर्वींचा अहमदनगर) जिल्ह्याचा बहुतेक भाग पर्जन्यछायेंत येतो. येथील शेतकऱ्यास पाऊस मोजण्याचें महत्त्व निराळें सांगावयास नको. हिवरे बाजार येथें मोजलेल्या पावसावरून गांवच्या पाण्याचा ताळेबंद मांडितात व पिकें ठरवितात.

पूर्वीं काचेच्या मापांतील आंकडा वहींत उतरीत, व वही कोणासही वाचतां येई. आतां महसूल मंडळांतून स्वयंचलित हवामान केंद्रें उभीं राहिलीं आहेत. कित्येक बागाइतदारांनींही स्वतःचीं यंत्रें बसविलीं आहेत. हीं यंत्रें फाइल लिहितात, आणि ती वाचण्यास संगणकाची आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर, लागते.

फाइलींत असतें काय ? अशा पर्जन्यमापकांत दोन खणांचें लहानसें डोलणारें भांडें असतें. ठराविक पाणी भरलें कीं तें कलतें, व यंत्र एक आंकडा मोजतें. समजा, दिवसांत तें ३०० वेळां कललें. हे ३०० फाइलींत बहुधा दोन घरांत लिहिले जातात. या घरांस बाइट म्हणतात. पहिल्यांत ४४, दुसऱ्यांत १. दुसऱ्या घरांतील एकाचें मोल २५६, अधिक ४४, मिळून ३००. घरांचा क्रम उलटा धरला तर तेच ११,२६५ होतात ! शिवाय एका कलण्याचा पाऊस किती, हें वाचणाऱ्यास ठाऊक असावें लागतें. ०.२ मिलिमीटर धरल्यास ६० मि.मी. पाऊस होतो, ०.२५ धरल्यास ७५. मंडळांत चोवीस तासांत ६५ मि.मी.हून अधिक पाऊस झाल्यास अतिवृष्टि मानितात. हवामानाधारित फळपीक विम्याची भरपाईही केंद्राच्या आंकड्यांवरच ठरते. एवढ्याशा गुणकावर काय अवलंबून आहे, हें डाळिंबवाल्यांनीं ओळखावें.

कित्येक कारखानदार हा क्रम व गुणक गुप्त ठेवितात. मग वर्गणी संपली अथवा कारखाना बुडाला, कीं दहा वर्षांचा पाऊस घरांत असून कुलपांत पडतो. मुक्तस्रोत आज्ञावलीचा मूळ मजकूर उघडा असतो. कोणीही तो तपासावा, सुधारावा, दुसऱ्यास द्यावा. रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं अमेरिकेंत या चळवळीस आरंभ केला. १९९१ सालीं प्रसिद्ध झालेली पायथन व न्यूझीलंडांत जन्मलेली ‘आर’ या संगणकभाषा याच वर्गांतील असून त्यांस मोल पडत नाहीं. मुंबईच्या आय.आय.टी.च्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पांत अशा साधनांचे मराठी पाठही आहेत.

मात्र कारखानदारानें रचना लपविलीच, तर ती उकलणें जिकिरीचें काम आहे. म्हणून आमच्या मतें प्रश्न खरेदीपूर्वींच विचारावा : आंकडे स्वल्पविरामांनीं विभागलेल्या साध्या मजकुरांत, म्हणजे सी.एस.व्ही. फाइलींत, मिळतील काय ? तशी फाइल लिब्रे ऑफिससारख्या फुकट आज्ञावलींतही उघडते. गुणक लेखी घ्यावा.

नरसाळ्यांत पालापाचोळा अडकल्यास मात्र कोणत्याही आज्ञावलीचा इलाज नाहीं. यंत्राशेजारीं जुना साधा पर्जन्यमापक ठेवावा, आणि पावसाळ्यांत आठवड्यांतून एकदां दोन्ही आंकडे ताडून पाहावे.