रात्री दोनचा सा–म

जर्मनीत रात्री दहानंतर शेजाऱ्यानं ड्रिल मशीन चालवलं तर लोक खुशाल पोलिसांना फोन लावतात. दहा ते सहा म्हणजे शांतता, तिथे सबबी चालत नाहीत. आणि त्याच देशात रात्री दोन वाजता, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, अग्निशमन दलाचा बंब ठणाणा करत निघून जातो. तिकडे नोकरीला गेलेली पुण्या-मुंबईची मंडळीही खिडकी लावता लावता विचारत असतील, निळा दिवा एवढा लखलखतोय, मग भोंगा कशाला?

वाहतूक नियमावलीच्या 35व्या कलमानं बंब, पोलीस, रुग्णवाहिका यांना नियम मोडायची मुभा दिली आहे. तातडी असेल तर लाल सिग्नल ओलांडा, वेगमर्यादा सोडा; मात्र लोकांच्या सुरक्षिततेचं भान ठेवून. पण ही सूट झाली त्यांची स्वतःची. बाकीच्यांनी ताबडतोब वाट मोकळी करायलाच हवी, हे बंधन येतं 38व्या कलमात, आणि तिथे खरी गंमत आहे. निळा दिवा आणि भोंगा दोन्ही एकदम चालू असले तरच ते बंधन लागू होतं. नुसता दिवा हा केवळ इशारा. आडव्या रस्त्यानं हिरव्या सिग्नलवर येणाऱ्याचा हक्क त्यानं जात नाही. भोंगा बंद ठेवून बंब लाल सिग्नलवर शिरला आणि धडक झाली, तर दोष बंबाच्या चालकावर येण्याची शक्यता बरीच मोठी.

म्हणजे बंबाचा वाटेवरचा हक्क हवेच्या थरथरण्यावर उभा आहे. बटण दाबलं की उगवतो, सोडलं की मावळतो! भोंगा कधी वाजवायचा याच्याही अटी आहेत. जीव वाचवणं, गंभीर इजा टाळणं, फरार माणसाचा पाठलाग अशी मोजकी कारणं, आणि तेही कमालीची घाई असेल तरच. घड्याळाचा उल्लेख मात्र त्यात कुठेच नाही.

तो आवाजही मोजूनमापून ठरवलेला. दोन सुरांचं प्रमाण 4:3, म्हणजे आपला षड्ज आणि शुद्ध मध्यम. साडेतीन मीटरवर किमान 110 डेसिबल. मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झालं की साधारण 6 डेसिबल घटतात, त्यामुळे 112 मीटरवर उरतात 80. (आपल्याकडे निवासी भागातली रात्रीची मर्यादा 45 आहे.) झोपलेल्याला हा छळ वाटणारच. पण तो आवाज त्याच्यासाठी नसतोच. बंद काचा, चालू इंजिन आणि मोठ्यानं लावलेलं गाणं भेदून त्याला एका चालकापर्यंत पोचायचं असतं, आणि ताशी 50 किलोमीटरनं येणारा तो चालक दर सेकंदाला 14 मीटर पुढे सरकत असतो. शंभर मीटरवरून ऐकू आलं तरी हातात सात सेकंद!

रिकाम्या सरळ रस्त्यावर बंबाचे बरेच चालक नुसत्या दिव्यावर जातात आणि चौक आला की भोंगा लावतात. तोही ऐन वेळी लावून भागत नाही. इतरांना ऐकून, उमजून थांबता येईल इतका आधी तो वाजायला हवा, असं न्यायालयं बजावतात. तरी भोंगा चौकापुरता राहिल्यानं रस्त्याच्या मधल्या इमारती कधीकधी सुटतात. सिग्नलच्या कोपऱ्यावर फ्लॅट घेतलेला माणूस मात्र प्रत्येक फेरीला जागा होतो.