चिखलाचा टायर आणि डांबरी सडक

आमच्या शाळेची गाडी रोज सकाळीं वाड्यावस्त्यांवरील मुलांना घेऊन येते व सायंकाळीं परत पोंचविते, हें आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. दोन वर्षांपूर्वीं आषाढांत ही गाडी काळ्या रानांतील पाणंदींत दोनदां रुतली. दुसऱ्या खेपेस ती बाहेर ओढण्यास बैल जुंपावे लागले, आणि मुलांनीं त्याची इतकी मौज केली कीं, आम्हां शिक्षकमंडळींस तो आपला मानभंगच वाटला. तेव्हां गाडीस खास चिखलाचे टायर घालावयाचे असें आम्हीं एकमतानें ठरविलें. दुकानदारानें "गाडी बहुतेक सडकेवरच चालते ना?" असें एकवार विचारलें होतें, पण आम्हीं तिकडे लक्ष दिलें नाहीं.

पुढच्या श्रावणांत एके सायंकाळीं, रिमझिम पावसांत, डांबरी सडकेवर एक वासरूं अकस्मात् आडवें आलें. चालकमामांनीं वेळेवर ब्रेक दाबला. परंतु गाडी थांबावी तेथें थांबली नाहीं. ती घसरत पुढें गेली आणि वासरापासून हातभर अंतरावर स्थिर झाली. आंत मुलें होतीं. कोणासही इजा झाली नाहीं; तरी त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. आपलें कोठें चुकलें ह्याचा शोध घेतांना जें शिकावयास मिळालें, तें येथें सांगण्याचा विचार आहे. घरीं जीप किंवा तसेंच वाहन बाळगणाऱ्या पालकांसही त्याचा उपयोग व्हावा.

बैलगाडीच्या चाकास लोखंडी धांव असते. ती चाकाची झीज थांबविते, पण रस्त्यास धरून ठेवीत नाहीं. रबराचें तसें नाहीं. चार्ल्स गुडइयर ह्यानें १८३९ सालीं गंधक व उष्णता ह्यांच्या योगें रबर टिकाऊ करण्याची युक्ति शोधली, आणि १८८८ च्या सुमारास बेलफास्ट येथें जॉन डनलॉप ह्यानें आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीस हवेनें भरलेला टायर बसविला. तेव्हांपासून वाहनाचें सारें ओझें, वेग व वळणें ह्यांचा भार रबरावर आला. ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, प्रत्येक टायर जमिनीस जेथें टेकतो, ती जागा सुमारें तळहाताएवढीच असते. अशा चार तळहातांवर आपलीं मुलें प्रवास करितात.

टायराच्या पृष्ठभागावर जे ठोकळे व चर असतात त्यांस नक्षी म्हणूं. साध्या सडकेच्या नव्या टायराचे चर सुमारें ८ मिलिमीटर खोल असतात व ठोकळे एकमेकांस लागून असतात. मड-टेरेन म्हणजे चिखलाच्या टायराचे ठोकळे मोठे व विरळ, आणि चर पुष्कळदां १४ ते १६ मिलिमीटर खोल असतात. ह्या दोहोंच्या मधला तो ऑल-टेरेन. त्याचे चर सडकेच्या टायरापेक्षां खोल, पण ठोकळे चिखलाच्या टायराहून दाट.

चिखलाच्या टायरांत चर इतके मोठे कां ठेवितात? चाक चिखलांत फिरूं लागलें कीं, चिखल चरांत भरतो. चर अरुंद असतील तर तो तेथेंच घट्ट बसतो आणि टायर गुळगुळीत लाटण्यासारखा होऊन जागच्या जागीं फिरत राहतो. चर रुंद असतील तर चाकाच्या फिरण्यानेंच चिखल बाहेर फेंकला जातो आणि ठोकळ्यांच्या कडांना पुनः जमीन सांपडते. हा गुण खरा आहे. प्रश्न इतकाच कीं, तोच गुण डांबरावर कसा वागतो?

ह्याचें उत्तर आमच्या फुटबॉलपटूंस पुस्तकावांचून देतां येईल. खिळ्यांचे बूट मैदानावर मातीत रुततात आणि खेळाडूस आधार देतात. तेच बूट घालून तो व्हरांड्याच्या ओल्या शहाबादी फरशीवर धांवला, तर काय होतें हें दरवर्षीं एकदोघे स्वानुभवानें शिकतात. फरशींत खिळा रुतत नाहीं. तेथें तळव्याची सपाट व मऊ बाजू जितकी टेकेल तितकें बरें. डांबरी सडक ही फरशीच्या जातीची आहे.

पदार्थविज्ञानाच्या वर्गांत आपण शिकतों कीं, घर्षण हें स्पर्शाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतें. चतुर विद्यार्थी येथें आम्हांस अडवील. परंतु तो नियम कठीण पदार्थांस चांगला लागू पडतो. रबरास तंतोतंत लागू पडत नाहीं. रबर मऊ असल्यामुळें खडीच्या बारीक उंचसखलपणांत दबून बसतें. म्हणून सडकेस किती रबर टेकतें व तें किती मऊ आहे, ह्या दोन्ही गोष्टींस महत्त्व आहे. चिखलाच्या टायरांत रबर कमी टेकतें, आणि दगडांनीं कापलें जाऊं नये म्हणून तें बहुधा कठीणही केलेलें असतें. शिवाय उंच व विरळ ठोकळे ब्रेक दाबतांना आणि वळतांना वांकतात. त्यामुळें गाडी चालकाच्या हातास किंचित् उशीरां उत्तर देते.

पाऊस पडला कीं आणखी एक गोष्ट घडते. सडकेवर पाण्याचा पातळ पापुद्रा पसरतो, आणि पहिल्या पावसांत त्यांत धूळ व तेल मिसळून वंगणच तयार होतें. तो पापुद्रा पुसून टाकण्यासाठीं चांगल्या टायरांच्या ठोकळ्यांवर केसांसारख्या बारीक चिरा पाडलेल्या असतात. ऑल-टेरेन टायरांत अशा चिरा पुष्कळ असतात. चिखलाच्या टायरांत थोड्या, कांहींत तर नाममात्रच. येथें न्यायाची एक गोष्ट सांगितली पाहिजे. सडकेवर खोल पाणी साचलें असेल तर रुंद चरांतून तें लौकर निघून जातें, आणि अशा वेळीं चिखलाचा टायर कमी पडत नाहीं. परंतु आपल्याकडे गाडी ज्या सडकेवर बहुधा घसरते, ती बुडालेली नसून नुसती ओली असते.

ह्याखेरीज लहान तोटे आहेत. मोठ्या चरांत कोंडलेली हवा सुटतांना गुणगुण होते व वेगाबरोबर ती वाढते. इंधन अधिक लागतें. डांबरावर ठोकळे वेडेवांकडे झिजतात, म्हणून दर ८ ते १० हजार किलोमीटरांनीं चाकांची अदलाबदल करावी लागते. मूळच्याहून मोठा टायर घातला तर वेगमापकही खोटें बोलूं लागतें. टायराचा व्यास शेंकडा ५ नें वाढला आणि कांटा ६० दाखवीत असला, तर खरा वेग ६३ असतो.

आतां हिशेब करूं. समजा, गाडी शाळेच्या २२० दिवसांत रोज ४० किलोमीटर चालते. एकूण ८,८०० किलोमीटर झाले. त्यांपैकीं पाणंद जातां-येतां ३ किलोमीटर, आणि ती खरोखर चिखलाची असते सुमारें ४० दिवस. म्हणजे १२० किलोमीटर. शंभरांत दीडही नाहीं! ह्या दीडासाठीं आम्हीं उरलेल्या साडेअठ्ठ्याण्णवांची सोय बिघडविली होती.

ऑल-टेरेन टायर निर्दोष आहे असें मात्र नव्हे. दख्खनची काळी माती काळ्या पाषाणापासून झालेली आहे. तींतील चिकणमाती पाणी शोषून फुगते आणि हाताला सोडीत नाहीं. अशा मातीनें ऑल-टेरेनचे चर थोडक्यांत बुजतात. फार चिकट रानांत चिखलाचा टायरही हार खातो, विशेषतः ज्या गाडीचीं दोनच चाकें ओढतात तिचा. म्हणून ज्याचें काम रोजच शेतांत, जंगलांत किंवा कच्च्या घाटांत आहे, त्यानें चिखलाचाच टायर घ्यावा आणि सडकेवर वेग आंवरावा. ज्यास कधींमधीं मुरूम, खडी व थोडा चिखल तुडवावा लागतो, त्यास ऑल-टेरेन पुरे. ज्याच्या दारापर्यंत डांबर आहे, त्यानें साधा सडकेचाच टायर घालावा.

घेतांना टायराची बाजू वाचावी. तेथें नांवापाशीं पुष्कळदां ए.टी. किंवा एम्.टी. अशीं अक्षरें असतात. आकार, भार व वेग ह्यांचे अंक गाडीच्या पुस्तकाशीं ताडून पाहावे. बनावटीच्या खुणेंतील शेवटचे चार अंक २२२४ असल्यास तो टायर २०२४ सालच्या २२ व्या आठवड्यांतील समजावा. आणि कोणताही टायर असो, चरांची खोली १.६ मिलिमीटरांवर येण्याची वाट न पाहतां तो पावसाळ्यापूर्वींच बदलावा. झिजलेल्या टायरास जात नसते.

आमच्या गाडीस आतां ऑल-टेरेन टायर आहेत. श्रावणांत पाणंद फार बिघडली कीं, गाडी फाट्यावर उभी राहते, आणि मुलें तो दीड किलोमीटर शिक्षकाबरोबर पायीं जातात. गेल्या उन्हाळ्यांत पालकांनीं पाणंदीच्या वाईट भागांत मुरूम टाकला. त्यानें जें काम केलें तें कोणत्याही टायरास साधलें नसतें.

चिखलांत रुतलेल्या गाडीचा दंड म्हणजे एक तास, चार बैल व थोडें हंसें. ओल्या सडकेवर न थांबलेल्या गाडीचा दंड कोणी भरूं शकत नाहीं. आम्हीं हंशाला भ्यालों आणि खऱ्या भयाकडे पाठ फिरविली, हीच आमची चूक. वस्तु निवडतांना, ती क्वचित् येणाऱ्या अडचणींतून किती डौलानें सोडवील हें पाहण्याआधीं, रोजच्या वाटेवर ती आपल्याला किती सांभाळील हें पाहावें. आमच्या विद्यार्थ्यांनीं उद्यां स्वतःचें वाहन घेतांना एवढें स्मरलें, तरी त्या वासराचे उपकार फिटले असें आम्ही समजूं.